फ्लॉरेन्सची सकाळ: पैसा कोणाचा, हात कोणाचे

सकाळी साडेसहाच्या सुमारास फ्लॉरेन्सचे रस्ते कामाच्या माणसांचे असतात. पाणी मारत जाणारी सफाईची गाडी, माल पोचवणारा छोटा आपे टेम्पो (आपल्या बारामतीत कारखाना आहे त्याच पियाज्योचा), काउंटरला उभ्या-उभ्या एस्प्रेसो घेऊन कामावर निघालेले लोक. नऊनंतर तेच रस्ते आपल्यासारख्या पाहुण्यांनी भरून जातात. म्हणून मी आणि मावशीनं पहाटेची गाइडेड वॉक घेतली. मावशीचं माहेर कोल्हापूर. हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

गाइडबाई फ्लॉरेन्सच्याच. त्यांनी निघतानाच सांगितलं, "प्रत्येक इमारतीसमोर दोनच गोष्टी विचारा. पैसे कोणी दिले? आणि काम कोणी केलं?" रेनेसाँस म्हटलं की मायकेलअँजेलो, लिओनार्दो आणि इथलं सत्ताधारी मेदिची घराणं, एवढंच आपल्याला शाळेपासून माहीत. या फेरीत मेदिचींचं नाव बऱ्याच उशिरा आलं.

सुरुवात झाली पियात्सा सांतिस्सिमा अनुन्झियातापासून. या चौकाच्या एका बाजूला ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं बांधलेलं अनाथालय आहे, ओस्पेदाले देल्यी इनोचेंती. काम सुरू झालं १४१९ मध्ये, आणि ते करवून घेतलं रेशीमवाल्यांच्या गिल्डनं. गिल्ड म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. शहराचा कारभार, पैसा, प्रतिष्ठा सगळं या संघांच्या हातात होतं. सडपातळ खांब, त्यांवर अर्धगोल कमानी, आणि कमानींच्या मधे निळ्या गोलांत कापडात गुंडाळलेली पांढरी बाळं. आंद्रेआ देल्ला रोब्बियानं ती भाजलेल्या मातीवर चमकदार झिलई चढवून घडवली. नीट पाहिलं तर प्रत्येक बाळ वेगळं आहे. काहींच्या पट्ट्या सुटून खाली लोंबताहेत.

ओसरीच्या डाव्या टोकाला एक बंद केलेली खिडकी आहे. मूल तिथे ठेवून जायची सोय १८७५ पर्यंत होती. पहिली मुलगी आली फेब्रुवारी १४४५ मध्ये, तिचं नाव आगाता ठेवलं. काही आया मुलासोबत अर्ध मोडलेलं पदक किंवा नाणं ठेवत आणि दुसरं अर्ध स्वतःजवळ जपत. कधी परत न्यायला आल्या तर ओळख पटावी म्हणून. आतल्या संग्रहालयात असे तुकडे छोट्या-छोट्या खणांत ठेवलेले आहेत. आम्ही ते नंतर जाऊन पाहिले. तुम्ही गेलात तर उफीझी या प्रसिद्ध चित्रसंग्रहालयातला एक तास कमी करा, पण हे चुकवू नका.

तिथून व्हिया देई सेर्व्ही हा सरळ रस्ता थेट कॅथीड्रलकडे जातो. चालू लागलं की समोर तो लाल घुमट पावलागणिक मोठा होत जातो, शेवटी सगळं आकाश व्यापतो. कॅथीड्रलच्या बांधकामाची जबाबदारी लोकरवाल्यांच्या गिल्डकडे होती. इमारत १२९६ मध्ये सुरू झाली, पण सुमारे ४५ मीटर रुंदीच्या त्या अष्टकोनावर छत कसं घालायचं हे पुढची शंभर वर्षं कोणालाच सुचलं नव्हतं. जमिनीपासून लाकडी आधार उभा करायचा तर तेवढं लाकूड आणायचं कुठून? ब्रुनेलेस्कीनं १४२० ते १४३६ या काळात तसल्या आधाराशिवाय घुमट उभा केला. एकात एक अशी दोन कवचं, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या-उभ्या अडकवत नेलेल्या, म्हणजे चुना वाळायच्या आधी त्या घसरत नाहीत. सामान वर चढवायला बैलांनी फिरवायचं यंत्र त्यानंच बनवलं. त्याच्या दात्यांची रचना अशी, की ओझं खाली सोडताना बैल उलटे फिरवावे लागत नसत. मला घुमटाइतकाच त्या बैलांच्या यंत्राचा विचार आवडला. रोज तिथे राबणाऱ्यांची अडचण पाहिल्याशिवाय असलं काही सुचत नाही.

घुमटाच्या टोकावरचा सोनेरी गोळा शिल्पकार व्हेरोक्कियोच्या कार्यशाळेत तयार झाला. पुढे वीज पडून तो खाली कोसळला. कॅथीड्रलच्या मागच्या फरसबंदीत त्या जागी संगमरवरी चकती बसवली आहे. गर्दीत ती पायाखाली जाते. सकाळी मावशी तिच्यावर उभी राहून कितीतरी वेळ वर बघत होती.

पुढचा थांबा ओर्सानमिकेले. मुळात इथे धान्याचा बाजार होता, नंतर त्याचं चर्च झालं. धान्य खाली सोडायच्या नळ्यांची तोंडं आतल्या खांबांत अजून दिसतात. बाहेरच्या भिंतींत कोनाडे आहेत. एकेक कोनाडा एकेका गिल्डचा, त्यात त्यांचा संत. आता बाहेर प्रती आहेत, पण इतक्या सकाळी त्यांच्याकडे निवांत बघता येतं. चिलखतवाल्यांचा संत जॉर्ज दोनातेल्लोनं घडवलेला, तो सगळे बघतात. बाईंनी आम्हाला थांबवलं गवंडी आणि सुतारांच्या कोनाड्यासमोर. नान्नी दी बांकोनं घडवलेले चार संत वर उभे आहेत. त्यांच्या पायाखालच्या पट्टीत मात्र एकजण भिंत रचतोय, दुसरा दगडाला भोक पाडतोय, तिसरा खांबाचं माप घेतोय, चौथा बाळाची मूर्ती कोरतोय. संतांच्या खाली त्यांनी स्वतःचं काम कोरून ठेवलं! अख्ख्या शहरात मला सगळ्यांत जवळची वाटलेली जागा हीच.

शेजारीच लोकरवाल्यांच्या गिल्डची इमारत, भिंतीवर त्यांचं झेंडेवाल्या कोकराचं चिन्ह. इथे गाइडबाईंचा आवाज जरा चढला. लोकर पिंजणाऱ्या, धुणाऱ्या मजुरांना गिल्डच नव्हतं. १३७८ मध्ये ते उठले, शहराचा कारभार ताब्यात घेतला आणि मिकेले दी लांदो नावाच्या लोकर पिंजणाऱ्याला पुढे केलं. थोड्याच काळात बंड मोडलं. घुमटाकडे बघताना हेही डोक्यात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पियात्सा देल्ला सिन्योरियातून आम्ही झपाट्यानं निघालो, तोवर पहिल्या सहली पोचल्या होत्या. पोंते व्हेक्कियो या जुन्या पुलावर दुकानांच्या लाकडी फळ्या अजून बंद होत्या. १५९३ मध्ये इथल्या खाटकांना हलवून सोनारांना बसवलं ते पहिल्या फेर्दिनांदो मेदिचीनं. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी शहरातला आर्नो नदीवरचा हा एकच पूल शिल्लक ठेवला. पलीकडचा सांता त्रिनिता पूल नदीतून काढलेले दगड वापरून पुन्हा उभा केलेला आहे.

तिथेच फेरी संपली. मावशीनं बाईंना विचारलं, "आमच्या महाराजांची समाधी कुठल्या बाजूला?" बाईंनी लगेच पश्चिमेकडे हात केला.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय अवघं २०. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि दहनाची तिथे प्रथा नव्हती. खास परवानगी मिळून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं, छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. ट्रामनं कासीने बागेपर्यंत जाता येतं, पण स्मारक बागेच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. चालायची तयारी ठेवा, पाणी बरोबर घ्या.

आम्ही पोचलो तेव्हा पळायला आलेला एक तरुण तिथे पाय ताणत होता. शेजारच्या मोठ्या पुलालाही या स्मारकावरूनच पोंते आल इंदियानो म्हणतात, त्यामुळे कोणी भारतीय इथे वारला एवढं त्याला ठाऊक होतं, नाव माहीत नव्हतं. मावशीनं त्याला पूर्ण नाव दोनदा म्हणायला लावलं. मग त्यानं फोनवर कोल्हापूर शोधलं, आणि मावशीनं त्याच्या हातातला नकाशा मोठा करून त्याला जुना राजवाडा कुठे आणि रंकाळा कुठे ते दाखवलं.