पिकअपचा स्पीडोमीटर: चौदा दात की पंधरा?

क्लचचं काम पार्टसाठी अडलंय, म्हणून मधल्या वेळात स्पीडोमीटर हातात घेतला. गाडी जीपच्या घराण्यातली, जुना फोर व्हील ड्राइव्ह पिकअप. आधी काटा थरथरायचा, पावसाळ्यात मधूनच शून्यावर पडायचा, दिवाळीपर्यंत कायमचा झोपला. सोबत किलोमीटरचे आकडेही थांबले, आणि निदान खरं तिथेच होतं. आकडे पळतायत पण काटा मेलाय, तर दोष मीटरमध्ये. दोन्ही एकदम गेले, तर मीटरला हात लावायच्या आधी गाडीखाली शिरायचं. लोक उलटं करतात. भंगारातून दुसरा मीटर आणतात, तोही हलत नाही, मग वायरिंगवाल्याला बोलावतात. या मीटरमध्ये वायर असते ती फक्त दिव्याची!

काट्याचं तंत्र १९०२ सालचं, ऑटो शुल्झे या जर्मन माणसाच्या पेटंटमधलं. गाडीखालून मीटरपर्यंत आलेली फिरती केबल चुंबक फिरवते, चुंबकाभोवतीच्या, काट्याला जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरा-प्रवाह (विजेचे गोल फिरणारे प्रवाह) तयार होतात, वाटी चुंबकामागे ओढली जाते आणि केसासारखी स्प्रिंग तिला आवरते. चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठेही टेकत नाहीत, त्यामुळे झिजण्यासारखं तिथे फारसं नाही. झिजतं ते खाली.

ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागे, हँडब्रेकच्या ड्रमशेजारी केबलचा नट आहे. तो सोडवला आणि आतल्या तारेच्या चौकोनी टोकाला ड्रिल लावून हळू फिरवलं. काटा उठला, आकडेही सरकले. (एका दिशेला काटा उठला नाही तर ड्रिल उलट फिरवा, जोर करू नका.) म्हणजे केबल आणि मीटर दोन्ही शाबूत. मग स्लीव्ह (गरारीच्या दांड्याची नळी) उघडून गरारी, म्हणजे केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक, बाहेर काढली. दात एका बाजूने खाल्लेले, आणि दांडा स्लीव्हमध्ये जवळजवळ जाम.

गरारी जाम का झाली ते शोधल्याशिवाय नवी बसवणं म्हणजे नवीचेही दात घालवणं. केबिनच्या फरशीखाली कोणीतरी केबल फार आखूड वळणावर क्लिपने आवळली होती. केबल जड फिरत होती, त्यात बाहेरच्या नळीत पावसाचं पाणी, आणि सगळा भार या इवल्याशा दातांवर. क्लिप पुढे सरकवली, आता वळण चांगलं मोठं आहे. छोटा ऑइल सीलही गेला होता. तो गेला की केसमधलं तेल फिरत्या तारेच्या पिळावरून थेट मीटरपर्यंत चढतं. सील मुंबईत नागदेवीच्या बाजारात मापाने मिळतो, गाडीचं नाव सांगायची गरज नाही. दांड्याचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहून न्या.

आतला वर्म (शाफ्टवरचा, गरारीला फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) बघायला शेजारच्या अण्णांना गाडी ढकलायला लावली आणि भोकातून टॉर्च मारला. आटे चारही स्वच्छ. नशीब! तो खराब असता तर प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकचा ड्रम, फ्लँज, सगळं उतरवावं लागलं असतं, आणि बेअरिंग कॅपखालच्या शिम (पातळ चकत्या) जशाच्या तशा परत बसवायच्या म्हणजे डोक्याला ताप.

आता दात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुकानदाराने १४ दातांची गरारी पुढे केली. "घेऊन जा ना शेठ, सगळ्यांना हीच बसते." बसते हे खरं, पण मग मीटर खोटं बोलतो. मला बंद काट्यापेक्षा खोटा काटा जास्त धोक्याचा वाटतो. बंद काट्यावर निदान कोणी विश्वास तरी ठेवत नाही.

हिशोब असा. खडूची खूण करून मोजलं तर ६.००-१६ टायर एका फेऱ्यात २.२२ मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला ४५० फेरे. मागच्या डिफरन्शियलचे दात ४३ ला ८, म्हणजे किलोमीटरला प्रोपेलर शाफ्टचे साधारण २,४२० फेरे. मीटरच्या डायलवर बारीक अक्षरात ६३७ आहे, म्हणजे केबलचे तितके फेरे झाले की एक किलोमीटर. २,४२० भागिले ६३७ म्हणजे ३.८, वर्मचे आटे चार, म्हणून गरारीला हवेत १५.२ दात. १५ घातले तर ६० ला काटा जेमतेम ६१ दाखवेल, १४ घातले तर ६५, १६ घातले तर ५७. टायर बदललेल्यांनी आपला हिशोब नव्याने करावा, माझा आकडा उचलू नये.

१५ दातांची जुनी पण धड गरारी त्याच रस्त्यावर, भंगाराच्या टोपलीत मिळाली. बसवल्यावर केबल न जोडता तारेचा तुकडा आत घालून त्याला कागदाची झेंडी लावली आणि सोसायटीच्या आवारात चाकाचे १० फेरे होईपर्यंत गाडी ढकलली. झेंडीने १४ फेरे आणि वर एक तृतीयांश घेतले, हिशोबाप्रमाणेच. वॉचमनने काय चाललंय ते विचारलंच नाही, आता सवय झालीय.

रविवारी पहाटे ईस्टर्न एक्सप्रेसवर मुलुंड ते घाटकोपर चक्कर मारली. फोनच्या जीपीएसवर ६० असताना काटा साठच्या किंचित वर. २० च्या खाली अजून थरथरतो. तार काढून पुसून पातळ ग्रीस लावायचंय, वरचा वीतभर भाग कोरडा ठेवून, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये जातं. आकडे थांबले होते तिथूनच पुढे चालू दिलेत, मधले किलोमीटर अंदाजाने वहीत टिपलेत. ड्रमच्या कडेला तेलाचा ओलावा दिसतोय. तो या सीलचा जुना होता की मागच्या मोठ्या सीलचा, ते ड्रम पुसून आठवडाभर गाडी चालवल्यावर कळेल.