साहेब, तुम्ही घरी कुठलं पाणी पिता?

लग्नात गाठ पडू दे, एसटीत पडू दे, सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसलेला असू दे, प्रश्न ठरलेला. 'साहेब, खरं सांगा, तुम्ही स्वतः नळाचं पाणी पिता काय?' विचारणारा गालात हसत असतो. उत्तर त्याने आधीच ठरवलेलं असतं, फक्त ते माझ्या तोंडून काढून घ्यायचं असतं. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सुटका नाही. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

पितो. नळाचंच पितो. बायको मात्र उकळून पिते. आमच्या स्वयंपाकघरात दोन माठ आहेत आणि पाहुण्यांना तिच्या माठातलं दिलं जातं. हसा आता.

पण गावाचा नवीन जलशुद्धीकरण प्लँट म्हणजे नुसता पैसे खायचा धंदा होता असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. जुन्या प्लँटवर जूनच्या पहिल्या आठवड्यात उभं राहिलाय कधी? वर घाटात पाऊस झाला की कृष्णामाई चहाच्या रंगाची येते. आमची वाळूची गाळणी त्या गाळाने तासाभरात गच्च व्हायची. उलट्या पाण्याने धुवायची म्हटलं तर धुवायलाच पाणी पुरायचं नाही. मग बायपास. म्हणजे तुरटी टाकलेलं, अर्धवट निवळलेलं पाणी थेट टाकीत. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूच्या (हे गढूळपणा मोजायचं एकक) आत असावा, अगदीच दुसरा स्रोत नसेल तर 5 पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. आम्ही त्या दिवसांत मीटरच कपाटात ठेवायचो.

नव्या प्लँटवर पहिल्यांदा जार टेस्ट, म्हणजे तुरटी किती टाकायची ते ठरवायची चाचणी, लावली तो दिवस मला लख्ख आठवतो. सहा बीकर, प्रत्येकात लिटरभर नदीचं पाणी, प्रत्येकात तुरटीचा डोस थोडा थोडा चढता. पाती मिनिटभर जोरात फिरवायची, मग वीसेक मिनिटं अगदी सावकाश. ताक घुसळताना लोण्याच्या कण्या जमू लागतात ना, तसे गाळाचे कण एकमेकांना धरू लागतात. चौथ्या बीकरमध्ये ते खाली बसले आणि वरच्या पाण्यातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी नदीच्या पाण्यातून कॅलेंडर वाचलं नव्हतं. तेव्हा पैसे कुठे गेले हे मला विचारू नका.

2019 च्या महापुरात तुमचा तो प्लँट का बंद पडला, हेही विचारतात. जॅकवेलचं, म्हणजे नदीतून पाणी उपसायच्या विहिरीचं, विजेचं पॅनेल 2005 च्या पुराची रेघ धरून वर घेतलेलं होतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. पुढचं नदीला विचारा.

आता खरा मुद्दा. योजनेला मिळालेल्या पैशात दोन गोष्टी बसत होत्या: पूर्ण क्षमतेचा प्लँट, किंवा थोडा लहान प्लँट आणि गावठाणातल्या सगळ्या जुन्या पाइपा बदलणं. त्या बैठकीत 'आधी प्लँट, पाइपलाइन दुसऱ्या टप्प्यात' असं म्हणणारा मी होतो. टिपणीवर सही माझी आहे. कुणी दबाव टाकला नव्हता. घाण पाणी नव्या पाइपातून पाठवून काय उपयोग, असं मी म्हणालो होतो, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्लँट सुरू झाल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात गावठाणातल्या एका बोळात जुलाब-उलट्यांची साथ आली. त्या बोळात माझी थोरली बहीण राहते. रात्री साडेअकराला भाच्याचा फोन, 'मामा, बारकीला सलाईन लावलंय, आणि शेजारची तिघं पण दवाखान्यातच आहेत.' बारकी म्हणजे त्याची चार वर्षांची पोरगी.

पहाटे पाच वाजता मी आणि पाणी सोडणारा चावीवाला बोळात. पाणी सुटायची वेळ पावणेसहाची. तोवर एका नळाला कान लावला तर आत हवा ओढल्याचा सूं सूं आवाज. पाणी आल्यावर पहिल्या नळाखाली क्लोरीन तपासायच्या क्लोरोस्कोपची नळी धरली, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. पिवळं यायला पाहिजे. नाही आलं. दुसऱ्या नळावर नाही, तिसऱ्यावर नाही. टाकीवर मी स्वतः रात्री तपासलेलं, चांगलं पिवळंधमक होतं. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, इथे शून्य. एक म्हातारी हंडा घेऊन उभी होती. म्हणाली, 'न्हाई व्हय आलं रंग? मग भरू का नगो?' मी 'नका भरू' म्हणालो. ती म्हणाली, 'मग काय पिऊ?' आणि हंडा नळाखाली लावला.

सात वाजता गटारीवरची फरशी उचलली. गटारीच्या काळ्या पाण्यातून आडवा गेलेला अर्ध्या इंचाचा लोखंडी नळजोड, गंजून चाळण झालेला, आणि वर सायकलची ट्यूब गुंडाळून सुतळीने बांधलेली. कुणी कधी बांधली देव जाणे. पाणी चालू असताना त्यातून कारंजं उडायचं. पाणी बंद झालं की पाइप रिकामी, आणि तीच ट्यूब गटार आत घ्यायची. त्यात बोळात तीन घरांनी नळाला थेट मोटर लावलेली. मोटर ओढते तेव्हा पाणी आहे की गटार, ते बघत नाही.

तुम्हीच मोटरी लावता आणि आम्हाला बोलता, असं मी नेहमी ऐकवतो. ते खरंच आहे. पण त्या तिघांतली एक मोटर अक्काची होती. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून लावलेली. मला ठाऊक होती. दरवर्षी भाऊबीजेला जेवताना खाली तिची घरघर ऐकायचो आणि पुरणपोळी वाढून घ्यायचो.

बारकी चार दिवसांनी घरी आली. बोळातले एक आजोबा आले नाहीत. त्यांना साखरेचा आजार होता, वय झालं होतं, कागदावर कारण वेगळं आहे. मी त्यांच्या दहाव्याला गेलो नाही.

तेव्हापासून त्या बैठकीतल्या माझ्याशी भांडतोय. तो म्हणतो, लहान प्लँट केला असतास तर पावसाळ्यात पुन्हा बायपास, आणि एका बोळाऐवजी अख्खं गाव दवाखान्यात. त्याला उत्तर नाही माझ्याकडे. मी म्हणतो, शुद्ध पाणी चाळणीत ओतायला तुला एवढी घाई का झाली होती? प्लँटचं उद्घाटन होतं, पाटी लागते, फोटो निघतो. जमिनीखालच्या पाइपेची कुणी फीत कापत नाही. तो म्हणतो, मी फोटोसाठी नाही केलं. मी म्हणतो, फोटोत तू पहिल्या ओळीत आहेस.

दुसरा टप्पा आता कुठे अर्धा झालाय. तो बोळ झाला. आमची गल्ली राहिली. सकाळी नळ आला की मी अजून थेंब टाकून बघतो. बहुतेक दिवस पिवळं येतं. नाही आलं तर चावीवाल्याला फोन करतो, तो म्हणतो, 'साहेब, तुम्ही रिटायर झालाय आता.' त्या दिवशी मीही बायकोच्या माठातलं पितो, हे सुरुवातीला सांगायचं राहिलं.

अक्काने हा प्रश्न कधी विचारला नाही. भाऊबीजेला गेलो की ती जारच्या पाण्याचा तांब्या-भांडं माझ्यापुढे ठेवते आणि आत जाते. मी पितो.