एकाच रकान्यातले दोघे

आपल्या शाळेत वर्गीकरणाचा धडा फळ्यावर संपत नसे. विज्ञानाच्या बाई आम्हाला पुळणीवर नेत. मेलेलं कासव किनाऱ्याला लागलेलं दिसलं, की त्याच्या पाठीवरच्या मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंची खवलं मोजायला लावत. हिरव्या समुद्री कासवाला अशा चार जोड्या, ऑलिव्ह रिडले या दुसऱ्या समुद्री कासवाला बहुधा सहा किंवा जास्त. सरीसृप वर्ग, टेस्टुडिनीस गण, केलोनिडी कुल, लेपिडोकेलिस ऑलिव्हेशिया (रिडलेचं शास्त्रीय नाव) ही सगळी उतरंड त्या खवल्यांवर बोट ठेवून पाठ झाली.

सीता अशोक बघायला देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, जायचो. खोडाफांद्यांनाच फुटलेले शेंदरी गुच्छ दाखवून बाई विचारायच्या, "पाकळ्या कुठे आहेत?" आम्ही रंगीत भागावर बोट ठेवायचो. ती निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं; या फुलाला पाकळ्या नसतातच. शेंग मात्र कुल सांगते: फॅबेसी, म्हणजे आपल्या कुळीथ-वालाचं. एवढा वृक्ष कुळथाच्या गोतातला, याचं मला अजून नवल वाटतं. शहरात कुंपणाला लावतात तो उंच सरळ 'अशोक' तर सीताफळाच्या कुळातला.

पुढे कळलं, की आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ऑलिव्ह रिडले आणि सीता अशोक हे दोघे एकाच रकान्यात आहेत: असुरक्षित, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेले. अशोकाची नोंद १९९८ची, कासवाची २००८ची. रकाना एक, पण वाट्याला आलेलं निराळं. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. त्याच कायद्यात १९९१ साली वनस्पतींसाठी अनुसूची आली, तेव्हा तिच्यात सहाच नोंदी होत्या. अशोक त्यात नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकऱ्यांनी कासवांची अंडी राखली. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याची माणसं येतात. गावकऱ्यांचं हे काम मोठंच आहे. पण अशोकाची साल औषधासाठी सोलली जाते. खोडाभोवतीची साल पुरती निघाली, की पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि उभं झाड वाळतं. त्याच्यासाठी कुणी गाडी करून येत नाही. मला हे फार लागतं.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळा झाडं लावणार आहे असं ऐकलं. सीता अशोकाची रोपं मी देईन. त्याचं बी टिकत नाही, ताजं असतानाच पेरावं लागतं, म्हणून रोपं घरीच करून आणतो. विहिरीकडची सावलीची, ओलाव्याची जागा त्याला मानवेल. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायचं काम तेवढं मुलांकडे द्यावं.