२२ चॅनेलांतून निवड: माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी हाताशी ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारे) यंत्र नव्हते, म्हणून ऑस्ट्रियातील ग्राझ येथील तंत्रविद्यापीठाने ‘बीसीआय कॉम्पिटिशन ४’ या मेंदू-संगणक जोडणीवरील स्पर्धेसाठी खुला केलेला ‘२ए’ हा डेटासेट मी घेतला. त्यात नऊ व्यक्तींच्या दोन निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या नोंदी आहेत. पडद्यावर बाण दिसला की हात, पाय किंवा जीभ हलवण्याची नुसती कल्पना करायची आणि त्या वेळचे मेंदूचे संकेत २२ इलेक्ट्रोडांनी टिपायचे, अशी त्याची मांडणी आहे. कल्पना कोणत्या हाताची आहे हे ओळखायला २२पैकी कोणते चॅनेल, म्हणजे कोणत्या इलेक्ट्रोडांचे संकेत, पुरतात हे मला शोधायचे होते. त्यासाठी मी डावा आणि उजवा हात एवढेच दोन वर्ग ठेवले. म्हणजे प्रत्येक व्यक्तीच्या पहिल्या दिवसाच्या नोंदींत प्रत्येक हाताचे ७२ प्रयत्न मिळाले.

उजव्या हाताची कल्पना केली की सहसा डोक्याच्या डाव्या बाजूच्या सी३ या इलेक्ट्रोडपाशी ८ ते १३ हर्ट्‌झची म्यू लय (मेंदूच्या हालचालीशी संबंधित भागातील लहर) क्षीण होते आणि डाव्या हाताच्या वेळी उजव्या बाजूच्या सी४पाशी तेच घडते. त्यामुळे प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र गुण देऊन वरचे काही निवडावेत, हा पहिला विचार स्वाभाविक होता. मात्र कवटीतून येताना संकेत पसरत असल्याने सी३, सी१ आणि सीपी३ बरीचशी एकच माहिती देतात, आणि गुणांच्या यादीत तिघेही वर येऊन बसतात. उलट, मागच्या बाजूचा पीओझेड एकटा पाहिला तर निरुपयोगी वाटतो. पण डोक्याच्या मागील भागातील अल्फा लय म्यूच्याच वारंवारतेत येऊन सी३मध्ये मिसळते, आणि ती वजा करण्यासाठी सीएसपी गाळणीला (चॅनेलांना कमी-जास्त वजन देऊन दोन वर्गांतील फरक ठळक करणाऱ्या पद्धतीला) हाच चॅनेल उपयोगी पडतो. चॅनेलची किंमत त्याच्या सोबत्यांवर ठरते, हे मला इथे पटले.

म्हणून एकेक चॅनेल नव्हे, तर चॅनेलांचे संच तपासणे भाग होते. २२ चॅनेलांचे ४१,९४,३०३ संच होतात. ते सगळे तपासण्यात अर्थ नव्हता. सर्वांपासून सुरुवात करून, ज्याच्या जाण्याने अचूकता सर्वांत कमी घटते तो चॅनेल दर फेरीला वगळत गेलो, तेव्हा सुमारे अडीचशे संचांत काम भागले. ही निवड पहिल्या दिवसाच्या नोंदींवरच, आणि तीही पडताळणीसाठी त्या नोंदींचे जे भाग पाडले त्या प्रत्येक वेळी नव्याने केली. दुसऱ्या दिवसाच्या नोंदी शेवटच्या चाचणीपर्यंत उघडल्या नाहीत. इतक्या थोड्या प्रयत्नांवर निवड आणि चाचणी एकत्र केली, तर आकडे विनाकारण देखणे दिसतात. कपाळाकडचा एफझेड एखाद्या व्यक्तीच्या संचात टिकला की मला शंका येई, कारण बाणाच्या दिशेने वळणारी नजरही तिथे उमटू शकते. अशा वेळी सोबत दिलेल्या डोळ्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या.

ज्यांचे संकेत मुळात स्पष्ट होते, त्यांचे बहुतेक चॅनेल वगळूनही फारसे बिघडले नाही. ज्यांचे संकेत अस्पष्ट होते, त्यांना कोणत्याही निवडीने सावरले नाही. संच व्यक्तीगणिक बदलले, त्यामुळे सर्वांसाठी मोजक्या इलेक्ट्रोडांची एकच छोटी टोपी सुचवण्याचे मी टाळले. इलेक्ट्रोडांखाली जेल भरण्याचा वेळ वाचावा म्हणून हा खटाटोप केला जातो खरा, पण कोणते चॅनेल पुरतील हे ठरवण्यासाठी पहिल्या दिवशी पूर्ण टोपी चढवावीच लागते. वाचतो तो पुढच्या बैठकांचा वेळ, आणि अहवालातही मी तेवढाच दावा केला.