संत्र्याच्या बिया

नागपुरात संत्र्याचं काही वाया जात नाही, असं आपण पाहुण्यांना ऐटीत सांगतो. गराची बर्फी होते, साल वाळून उटण्यात जाते. बिया मात्र थू करून टाकायच्या, कडूजहर! हा कडूपणा लिमोनिन नावाच्या द्रव्याचा. बरं, पेरायलाही त्या कोणी घेत नाही. वरुड, शेंदूरजना घाटाकडच्या रोपवाटिकांत जंबेरी, म्हणजे एक रानटी लिंबू, पेरतात आणि तिच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात. अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेनं तर बिनबियांचा वाणच काढला.

आता सौंदर्यप्रसाधनवाले मात्र फळांच्या बियांमागे लागलेत. 2015 साली अमेरिकेनं फेसवॉशमधल्या प्लास्टिकच्या बारीक मण्यांविरुद्ध कायदा केला. त्या जागी बियांची, कवचांची भुकटी चालते. आंब्याच्या कोयीतून निघणारं लोणी क्रीममध्ये जातं. अंगाच्या उष्णतेनं ते विरघळतं, हेच त्याचं कौतुक. आमच्याकडे मे महिन्यात ते कपाटातच विरघळतं, अंगापर्यंत यायची वाट पाहत नाही. संत्र्याच्या बीतही तेल असतं, लिनोलिक नावाच्या मेदाम्लाचं. त्याला संत्र्याचा घमघमाट असेल असं वाटतं, पण तो वास सालीतल्या तेलाचा. (आणि दिसेल ती बी वाटून तोंडाला फासू नका. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.)

खरी मेहनत तेल काढण्याआधीची. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या एखाद्या रसवाल्याच्या बादलीत डोकावून पाहा. चोथा, साली, वर चिलटं, आणि चिमटीतून निसटणाऱ्या बुळबुळीत बिया. दुपारपर्यंत सगळं आंबूस. ओल्या बीतलं तेल लवकर बिघडतं, म्हणून त्याच दिवशी बिया धुऊन वाळत घालायला हव्यात. ऊन आपल्याकडे रग्गड. पण संत्र्याचं आंबिया बहाराचं पीक दिवाळीच्या आगेमागे उतरतं, तेव्हा ऊनही मवाळ झालेलं.

"दादा, बिया वेगळ्या काढून ठेवाल का?"

"गिऱ्हाईक पाहू का बिया वेचत बसू, ताई? अन् किलोचे देता किती?"

रास्त प्रश्न. क्रीमच्या डबीवर 'टाकाऊपासून' असं छापलं की बी फुकटची वाटते, वेचणाऱ्याची मजुरी कोणी धरत नाही. मला विचाराल तर सुरुवात रसाच्या कारखान्यांपासून व्हावी. तिथे बिया एका जागी ढिगानं पडतात आणि धुवायला पाणीही असतं. ठेल्यावर जायचंच असेल, तर किलोचा भाव ठरवूनच जावं.