झांझिबार : आधी स्टोन टाउन, मग समुद्र (माझा अनुभव)

झांझिबार म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर निळं पाणी आणि पांढरी वाळू येते, आणि ती आहेच तिथे, पण मी नाशिकची आणि मला जायचं होतं ते शरणपूरमुळे. आमच्याकडे शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात, पण एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमाराने समुद्रात गुलामांची जहाजं पकडून जी आफ्रिकन मुलं सोडवली त्यातली कितीतरी इथल्या मिशनमध्ये आणून ठेवली होती, त्यांना शिकवलं, हातात कामधंदा दिला, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यातलेच काहीजण मोठे होऊन आफ्रिका धुंडाळणाऱ्या स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत परत आफ्रिकेत गेले. हे वाचल्यापासून डोक्यात बसलं होतं की एकदा तिकडचं टोक बघायचं. शेवटी आईला घेऊन गेले.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. झांझिबारचं स्वतःचं सरकार आहे, राष्ट्राध्यक्ष वेगळे आहेत, तरी देश टांझानियाच, त्यामुळे व्हिसा टांझानियाचा. ऑनलाइन अर्ज होतो, साध्या टुरिस्ट व्हिसाची फी ५० डॉलर. सर्च केलं की एजंटांच्या साइट्स आधी दिसतात, दिसायला अगदी सरकारी वाटतात आणि जास्त पैसे घेतात, तेव्हा नीट बघून भरा. दुसरं म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला जाणाऱ्या परदेशी माणसाला तिथल्या सरकारी कंपनीचा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्यावाच लागतो, मोठ्या माणसाला ४४ डॉलर. तुमच्याकडे इथला कितीही चांगला इन्शुरन्स असू दे, तो वेगळा.

मग यलो फीव्हरची लस. आम्ही नैरोबीवरून गेलो आणि केनिया आपल्या सरकारच्या यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे, म्हणून लस घेतलीच. आपल्याकडे हा आजार नाही पण तो पसरवणारा डास मात्र भरपूर आहे, त्यामुळे आपलं आरोग्य खातं याबाबतीत कडक आहे आणि ते बरोबरच आहे, लसीचं कार्ड नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही आणि सर्टिफिकेट लागू होतं ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी, म्हणून तिकीट काढलं की लगेच मागे लागा. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. आईचं वय साठच्या पुढे, त्या वयात पहिल्यांदा ही लस घेताना त्रास व्हायची शक्यता थोडी जास्त असते म्हणून आधी आमच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सगळं तपासून हो म्हटल्यावरच घेतली. घरात वडीलधारी माणसं असतील तर हे अजिबात टाळू नका. मलेरियाचं पण त्याच वेळी विचारून घ्या.

आणि हो, तिकडे प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आईचा चिवडा, मेतकूट, खाकरे सगळं डब्यात आणि कापडी पिशव्यांत भरलं.

दार-एस-सलामला उतरून फेरीने गेलो, दोन तासांच्या आसपास लागतात. विमानानेही जाता येतं पण मी म्हणेन फेरीनेच जा, कारण स्टोन टाउन, म्हणजे झांझिबार शहराचा जुना भाग, समुद्रातूनच बघायचं गाव आहे, शेकडो वर्षं लोक तसेच आले, कच्छचे, मस्कतचे, मोसमी वाऱ्यावर शिडाची जहाजं घेऊन. धक्क्यावर उतरलं की बॅगा उचलायला माणसं धावून येतात, उचलायच्या आधी पैसे ठरवा नाहीतर आपली आपणच धरा.

सुरुवातीचे दिवस आम्ही स्टोन टाउनमध्येच काढले. टूर कंपन्या अर्ध्या दिवसात उरकतात, आम्हाला पण एकाने तेच पॅकेज गळ्यात मारायचा खूप प्रयत्न केला, मी नाही म्हटलं. प्रवाळाच्या दगडाची, चुन्याची घरं, दोन माणसं जेमतेम जातील अशा गल्ल्या, आणि दारं तर काय सांगू, चौकटीवर वेलबुट्टी, फळ्यांवर पितळी खुबे. आई एका दारापुढे उभी राहून म्हणाली, अगं हे तर आपल्या पंचवटीतल्या वाड्यांसारखं आहे. पितळी खुब्यांची पद्धत हिंदुस्थानातूनच गेलेली. गुजराती व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या होते, रुपया चालायचा. ज्या सुलतान बरगशने १८८३ मध्ये हाउस ऑफ वंडर्स नावाचा तो प्रसिद्ध राजवाडा बांधला तो तरुणपणी भावाविरुद्ध बंड केलं म्हणून मुंबईत हद्दपारीत राहिला होता. त्या इमारतीचा एक भाग डिसेंबर २०२० मध्ये कोसळला, आम्ही बाहेरूनच बघितली, वाईट वाटलं. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जन्म पण इथलाच, १९४६ चा, आणि शाळा आपल्या पाचगणीची.

आता ज्यासाठी गेले होते ते. गुलामांचा बाजार भरायचा तिथे आता अँग्लिकन चर्च आहे. इंग्रजांच्या दबावाखाली बरगशने १८७३ मध्ये बाजार बंद केला आणि लगेच त्याच जागी चर्चचं काम सुरू झालं. वेदीजवळ जमिनीत संगमरवराचं एक गोल बसवलंय, चाबकाने मारायचा खांब होता ती जागा. बाहेर अंगणात एक खड्डा आहे, त्यात पाच माणसांचे पुतळे, गळ्यात लोखंडी कडी आणि एकातून दुसऱ्यात ओवलेली साखळी. तुम्ही वर उभे राहता आणि ते खाली, चेहरे वेगवेगळ्या दिशांना, कोणी कोणाकडे बघत नाही. मी फोटो काढला नाही.

चर्चच्या आत एक छोटा लाकडी क्रूस आहे, बघितला नाही तर राहून जाईल इतका साधा. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला, त्याच्या माणसांनी त्याचं काळीज तिथे एका झाडाखाली पुरलं, त्या झाडाच्या लाकडाचा हा क्रूस. त्या झाडावर नाव आणि तारीख कोरणारा आणि दफनाच्या वेळी प्रार्थना वाचणारा होता जेकब वेनराइट, आमच्या नाशिकच्या शाळेत शिकलेला. मग त्याने आणि चुमा, सुसी वगैरे साथीदारांनी ते शरीर उन्हात वाळवलं, गुंडाळलं आणि महिनोन्‌महिने चालत हजार मैलांच्या वर समुद्रकाठापर्यंत वाहून आणलं, तिथून झांझिबार आणि मग बोटीने इंग्लंड. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा जेकब तिथे हजर होता. लहानपणी पकडून नेलेला मुलगा, नाशिकमध्ये इंग्रजी शिकला आणि स्वतःच्या मुलुखात परत जाऊन हे केलं. मी हे आमच्या गाइडला सांगितलं, त्याला झाड माहीत होतं, नाशिक माहीत नव्हतं, त्याने मोबाइलवर नकाशा काढून मला गाव दाखवायला लावलं आणि नाव दोनदा म्हणून बघितलं. आई क्रूसापुढे बराच वेळ बसून राहिली.

संध्याकाळी फोरोधानी बागेत खायच्या गाड्या लागतात. आई शाकाहारी, पण तिचे हाल झाले नाहीत. उरोजो म्हणून आंबट पिवळा रस्सा मिळतो, त्यात भजी, बटाटा, वरून कसाव्याचा कुरकुरीत कीस, मांस नको म्हणून आधीच सांगायचं. शिवाय चपाती, नारळाच्या दुधातला राजमा आणि आलं-लिंबू घातलेला उसाचा रस, आईने तो रोज प्यायला.

समुद्राबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्या, ती म्हणजे भरती-ओहोटी. पूर्वेकडे पाजे, जांबियानीला ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायला काही उरत नाही, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर जास्तच. ज्यांना दिवसभर पोहायचंय त्यांनी उत्तरेला नुंगवी, केंडवा गाठावं, तिथे फरक कमी पडतो. पण मला पाजेच आवडलं. ओहोटी लागली की गावातल्या बायका डोक्याला रुमाल बांधून पाण्यात उतरतात, वाळूत खुंट्या ठोकलेल्या, खुंटीपासून खुंटीपर्यंत दोरी, आणि दोरीला वीतभर अंतरावर समुद्रशेवाळाचे झुबके बांधत पुढे सरकतात, कमरेत वाकून, पाणी परत यायच्या आत. हे शेवाळ वाळवून परदेशात जातं, खाण्यापिण्याच्या वस्तूंत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. पाणी गरम होत चाललंय तशी जास्त भावाची जात टिकेनाशी झालीय. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि त्या दोऱ्यांतून तुडवत तर बिलकुल जाऊ नका.

बाकीच्या सहलींत चांगू बेटावरची अल्दाब्रा जातीची राक्षसी कासवं आईला आवडली. सेशेल्सहून १९१९ मध्ये भेट आलेल्यांचा हा परिवार. त्याच बेटावर तुरुंग म्हणून बांधलेली इमारत पुढे क्वारंटाइनसाठी वापरली. मसाल्याच्या बागेत आईने लवंगेची ओली कळी चावून बघितली, पान चोळून दालचिनी बरोबर ओळखली. जोझानीच्या जंगलातली लाल कोलोबस माकडं जगात फक्त याच द्वीपसमूहात सापडतात, तिथे मात्र आवर्जून जा, फी भरली तर राखायला पैसे मिळतात. डॉल्फिन बघायच्या बोटी आम्ही नाही घेतल्या. एका कळपामागे दहा-दहा बोटी इंजिन लावून धावतात, ते मला पटत नाही. त्याऐवजी किझिमकाझीची जुनी मशीद बघितली, आत इसवी सन ११०७ चा कुफिक, म्हणजे जुन्या अरबी लिपीतला लेख आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, स्टोन टाउनमध्ये पण तसंच फिरा, लोक बोलत नाहीत पण त्यांना बरं वाटतं.

मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा नका जाऊ. जून ते ऑक्टोबर सगळ्यात चांगलं. शरणपूरबद्दल कोणाकडे घरातल्या आठवणी, जुने फोटो असतील तर मला नक्की कळवा, मी ते सगळं जमवतेय.