बघू

रेडिएशनचा सतरावा डोस झाला. अकरा राहिले.

आज आठवड्याची तपासणी होती. वजन दीड किलोनं उतरलंय, काविळीचा आकडा, म्हणजे बिलिरुबिन, १.४, म्हणजे पित्त वाहावं म्हणून घातलेली नळी, तो स्टेंट, अजून तुंबलेला नाही. डॉक्टरीणबाई खूश दिसल्या. उठता उठता मी विचारलं, "मग ऑपरेशन कधी?" फाईल मिटत म्हणाल्या, "आधी हे पूर्ण होऊ दे. मग स्कॅन करून बघू."

बघू.

तेव्हापासून भातात खडा लागावा तसा तो शब्द दाताखाली आहे. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ एकच. सायकल? बघू. सहल? बघू. अण्णा आयुष्यात कधी 'नाही' म्हणाले नाहीत, आणि सायकल काही आली नाही.

मला सांगितलं नव्हतं असंही नाही. पहिल्याच दिवशी कागदावर आकृती काढून सांगितलं होतं. डावी-उजवी पित्तनलिका एकत्र येते नेमकी तिथेच कॅन्सरची गाठ, वर यकृताच्या रक्तवाहिनीला खेटून. आत्ता कापली तर कडेला पेशी राहून जायच्या. म्हणून आधी रेडिएशन, जोडीला कॅपेसिटाबिनच्या, म्हणजे केमोच्या गोळ्या. मी त्यातला 'आधी' तेवढा उचलला. आधी म्हटलं की नंतर आलंच ना? जेवणाआधी हात धुवा म्हणणारा जेवायला वाढतोच. मी १७ दिवस हात धुवून बसलोय, आणि आता म्हणे वाढायचं की नाही ते बघू.

एकूण २८ वेळा, दर वेळी १.८ ग्रे (किरणांचं माप). शनिवार-रविवार सुट्टी. आधी तीन तास पोट रिकामं. पोटावर तीन बारीक ठिपके गोंदलेत, ते आता जन्माचे. टेबलावर हात डोक्याच्या वर घेऊन पडायचं, मग स्पीकरमधून आवाज येतो, "श्वास घ्या, रोखा." यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं आणि आतडं अगदी शेजारी, म्हणून ही कसरत. मी श्वास असा चोख रोखतो, जणू कोणी गुण देणार आहे.

हेच खुपतंय बहुतेक. शहाण्यासारखं वागलो तर ऑपरेशन बक्षीस मिळेल, असं कुठेतरी धरून चाललो होतो. एक गोळी चुकवली नाही. एक दिवस बुडवला नाही. काल हिच्यावर ओरडलो ते सोडलं तर तक्रारीला जागा नाही. ते लिहीन नंतर.

संध्याकाळपासून तोच हिशेब चालू होता. आणि मग जरा हसू आलं. बाई शब्दशः बोलल्या असतील की! रेडिएशन संपलं की काही आठवडे थांबायचं, सूज उतरू द्यायची, मग स्कॅन. त्यातही व्रण कुठला आणि गाठ कुठली हे धड कळतंच असं नाही. मग दुर्बीण घालून पोटात बघायचं, कुठे पसरलंय का. तिथे सगळं ठीक असेल तर पोट उघडून परत बघायचं. सगळं बघण्यावरच चाललंय. अण्णा निदान दुकानापर्यंत जाऊन सायकल बघून आले असते, तरी माझं समाधान झालं असतं.

ताईचा फोन आला होता. "मिळाली का तारीख?"

"बघू म्हणाल्यात."

ती एकदम गप्प. मग म्हणाली, "अण्णांसारखं?" आणि आधी तीच हसली. मीही हसलो. फोन ठेवताना तिचा आवाज जरा वेगळा लागला, पण मी विचारलं नाही.

तळहाताची कातडी सोलायला लागलीय, पेन बोचतं. उद्या अठरावा. साडेदहाची वेळ, म्हणजे साडेसातच्या आत खाऊन घ्यायला हवं. गजर सातचा लावलाय.